टेबलाला लागलेलं वळण

"जगात वाकडं असं काही नसतंच! नीट मोजलेलं नसतं, एवढंच!"

हे वाक्य जावईबापूंनी आजवर इतक्यांना ऐकवलं होतं, की त्यांच्या बायकोला ते झोपेतसुद्धा पाठ होतं. पण इलाज नव्हता. जावईबापूंचा धंदाच वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणा दुकानातल्या दणकट काट्यापासून सोनाराच्या नाजूक तराजूपर्यंत, जे जे खोटं बोलतं ते त्यांच्या दुकानात येऊन खरं बोलायला शिकायचं. त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललेलं दिसलं, तरी यांचा घास घशाखाली उतरत नसे. दुसऱ्याच्या घरी गेले तरी आधी कॅलेंडर सरळ करणार, मग पाणी पिणार!

आणि नेमकी अशा माणसाच्या सासुरवाडीला, माडीवरच्या लांबलचक खोलीत, पूलचं टेबल होतं.

टेबल सासऱ्यांचं. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांचे गुडघे गेले होते, दुकान मुलाने ताब्यात घेतलं होतं, निम्मे दात समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी काढून घेतले होते. आता शाबूत राहिला होता तो फक्त उजवा हात. आणि त्या हाताचा 'मऊ फटका'! आप्पा पांढऱ्या बॉलला असा हळुवार धक्का द्यायचे, की समोरचा बॉल जेवण झाल्यावर फिरायला निघाल्यासारखा निघायचा, रमतगमत टेबलभर जायचा, खिडकीकडच्या कोपऱ्यापाशी आला की क्षणभर विचारात पडायचा आणि मग डावीकडे मान वळवून गुपचूप पॉकेटमध्ये! हा फटका त्या टेबलावर दुसऱ्या कोणालाही आजवर साधला नव्हता.

त्यावरूनच ठिणगी पडली. संध्याकाळी खेळायला येणाऱ्या चार टाळक्यांसमोर दातांचे डॉक्टर म्हणाले, "आप्पा, स्पष्ट बोलतो. तुमचं टेबल वाकडं आहे!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" आप्पा म्हणाले.

"मी नाचतो बरोबर. तुमचं अंगणच खिडकीकडे उतरतंय! महिनाभर बघतोय मी. बॉल हळू मारला की तो डावीकडे जातो म्हणजे जातोच. तुम्ही जिंकत नाही, तुमचं टेबल जिंकतं!"

त्या चौघांतला टायरवाला स्टिकच्या टोकाला खडू घासत होता, तो घासतच राहिला. आप्पांनी स्टिक टेबलावर आडवी ठेवली.

"येत्या रविवारी सामना. आधी माझा जावई टेबल तपासेल. त्याने सरळ म्हटलं की सरळ! मी जिंकलो, तर तुम्ही मला जन्मभर चारचौघांत उस्ताद म्हणायचं."

"आणि हरलात तर?"

"तर ही स्टिक भिंतीला टांगीन. कायमची!"

जावईबापूंना हा निरोप मिळाला तेव्हा त्यांची छाती इतकी फुगली, की शर्टाचं वरचं बटण उघडावं लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांनी त्यांना आजवर चहा घेणार का, यापलीकडे काही विचारलं नव्हतं! शनिवारी सकाळीच ते पाणसळ, दोरा, ओळंबा आणि बायको असा सगळा सरंजाम घेऊन सासुरवाडीला हजर झाले.

"अर्ध्या तासात निकाल लावतो, आप्पा!"

"लावा. मोजा, बघा, पाहिजे तर वास घ्या," आप्पा म्हणाले. "एकच अट. कापडाला काही करायचं नाही."

"छे छे! कापडाशी माझा काय संबंध?"

माडीवर जाऊन जावईबापूंनी टेबलाच्या मधोमध पाणसळ ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येऊन शहाण्या मुलासारखा बसला. आडवी ठेवली, तरी मध्ये! चारी कोपऱ्यांत ठेवली, तरी मध्ये! टेबल सरळ होतं. इतकं सरळ, की जावईबापूंना त्याच्याबद्दल आदर वाटला.

मग त्यांनी एक बॉल हळूच सोडला. तो टेबलभर सरळ गेला, आणि खिडकीपाशी पोचल्यावर डावीकडे वळला.

"आँ?"

दुसरा सोडला. तोही वळला. तिसरा तर इतका ऐटीत वळला, की जणू त्याला त्या कोपऱ्यात कोणी हाक मारली होती! आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? टेबल सरळ आहे असं सांगून खाली जाऊन चहा घेतला असता. पण जावईबापूंना कुतूहल चावलं होतं, आणि त्यावर उतारा नाही!

त्यांनी आधी पंखा बंद केला. बॉल वळला. खिडकी लावून घेतली. बॉल वळला. मग आपल्या दुकानातून सोनाराचा तराजू आणवून सगळे बॉल एकेक करून तोलले. एकाही बॉलमध्ये खोट नव्हती. मग ते टेबलाखाली पाठीवर सरपटत गेले आणि खालून ठोकून बघू लागले.

"अरे, टेबल तपासतोयस की त्याचं बाळंतपण करतोयस?" बायको दारातून म्हणाली.

"टेबल सरळ आहे आणि बॉल वाकडा जातोय! हे शक्यच नाही!"

"मग बॉलला जाऊ दे ना त्याला जायचंय तिकडे. तुझं काय जातंय?"

जावईबापू बाहेर आले आणि बॉलची वाट नीट दिसावी म्हणून त्यांनी टेबलावर गाल टेकवून एक डोळा मिटला. आणि तेव्हा त्यांना ते कळलं! गाल पुढे सरकवला तर गुळगुळीत. मागे ओढला तर कापड गालाला अडत होतं. त्यांनी हात फिरवून पाहिला. खिडकीच्या दिशेने तिरका फिरवला, तर लोण्यावरून फिरवावा तसा. उलटा फिरवला, तर दाढी वाढलेल्या गालासारखा खरखरीत!

"लव!" जावईबापू ओरडले. "कापडाला लव आहे!"

खरंच होतं. त्या हिरव्या कापडावर बारीक, मऊ लव होती, आणि ती सगळीच्या सगळी खिडकीकडच्या कोपऱ्याकडे झुकलेली होती. कोणीतरी टेबलाचा तिरका भांग पाडला होता! जोरात मारलेला बॉल त्या लवेला जुमानत नसे. पण हळू चाललेला बॉल शेवटी शेवटी दमला, की लव त्याला हाताला धरून कोपऱ्यात नेऊन सोडत असे.

इथे जावईबापूंनी थांबायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात आलं ते असं, की टेबल सरळ, बॉल सरळ, आणि एवढीशी लव तिरकी? आप्पांसारख्या कसलेल्या हाताला वाकड्या कापडाची गरज काय? कापड सरळ झालं तर आप्पा आणखी छान खेळतील, आणि डॉक्टरांच्या तोंडाला कुलूप! अट त्यांना आठवत होती. पण अट कापडाला 'काही' करण्याबद्दल होती. विंचरणं म्हणजे काही करणं थोडंच?

त्यांनी कोटाचा ब्रश घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरा लावून, कापड सरळ विंचरलं. लव पुन्हा उठू नये म्हणून वरून कोमट इस्त्रीसुद्धा फिरवली. टेबल असं झळकलं, की जावईबापूंना स्वतःच्या हाताचा मुका घ्यावासा वाटला. बॉल सोडला. सुतासारखा सरळ गेला!

दुपारचा चहा घेऊन आप्पा सरावाला वर आले. त्यांनी मऊ फटका मारला. बॉल रमतगमत गेला, खिडकीपाशी पोचला, कडेच्या कुशनला डोकं टेकवलं आणि तिथेच थांबला.

"हं," आप्पा म्हणाले.

पुन्हा मारला. पुन्हा बोटभर चुकला. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा आप्पांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा उलटासुलटा करून पाहिला.

"गेला," ते हळूच म्हणाले.

"काय गेला, आप्पा?"

"हात गेला माझा!"

मग जो गोंधळ उडाला तो विचारू नका! खाली आप्पांना आरामखुर्चीत बसवलं. सासूबाईंनी हाताला बाम चोळला. घरचे डॉक्टर आले, त्यांनी आप्पांना मूठ मिटायला लावली, उघडायला लावली, बोटं मोजायला लावली.

"हात ठणठणीत आहे!" ते म्हणाले.

"मग डोळे गेले."

"डोळेही ठणठणीत!"

"म्हणजे मीच गेलो," आप्पा म्हणाले. "गुडघे गेले, मी बोललो नाही. दात गेले, मी बोललो नाही. एक हात उरला होता. दातांच्या डॉक्टरांना निरोप द्या, आप्पा हरला म्हणून."

आता जावईबापूंची पंचाईत बघा! खरं सांगितलं तर आप्पांना कळणार, की इतकी वर्षं ज्याला ते आपला हात समजत होते, तो हात नव्हताच, कापड होतं. नाही सांगितलं तर हात गेला म्हणून हाय खाणार. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर, आणि मध्ये इस्त्री धरून उभे जावईबापू!

बायकोने त्यांना जिन्याखाली गाठलं. "काय केलंस तू?"

"काही नाही. जरा विंचरलं."

"कोणाला?"

"टेबलाला."

सगळं ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारला. "जा आणि बाबांना सांगून टाक!"

"काय सांगू? तुमचा हात चांगला आहे, पण तो कधी एवढा चांगला नव्हताच, असं?"

तिने जिन्याच्या कठड्याला टेकून वर माडीकडे पाहिलं. म्हणाली, "ते माझ्याने ऐकवणार नाही. होतं तसं करून ठेव, बस्स! आणि बाबांना उद्या खेळायला उभं करायचं माझ्याकडे लागलं."

रविवारी सकाळी सगळे उठायच्या आत जावईबापू ब्रश घेऊन माडीवर गेले आणि लव तिरकी करायला लागले. पण सरळ करणं सोपं होतं, तिथे दोरा होता. तिरकं नेमकं किती तिरकं? जावईबापूंनी आयुष्यात काहीच कधी तिरकं केलं नव्हतं! सरावच नाही! त्यांचा हात गोल फिरायचा, खिडकीकडे जाता जाता दाराकडे वळायचा. इस्त्रीने बसलेली लव कुठे उठत होती, कुठे हट्टाने पडून राहत होती. निम्मं टेबल झालं न झालं, तोच जिन्यावर पावलं वाजली.

जावईबापू टेबलाखाली शिरले.

दार उघडलं. सासूबाईंची पावलं आत आली, टेबलापाशी थांबली, आणि वरून आवाज यायला लागला. सर्र, सर्र, सर्र! जावईबापूंचे डोळे विस्फारले. कापड विंचरणारं माणूस ते हेच! थोड्या वेळाने आवाज थांबला. कोणीतरी उसासा टाकून खांदा दाबल्यासारखं वाटलं. पावलं दाराकडे वळली.

"जावईबापू, चहा खाली ठेवलाय," सासूबाई न वाकता म्हणाल्या. "तिथली फरशी गार आहे. सर्दी होईल."

जावईबापू बाहेर आले तेव्हा टेबलाचा अवतार बघण्यासारखा होता! थोडा भाग सरळ, थोडा दाराकडे, थोडा खिडकीकडे, आणि मधोमध लवेचा असा भोवरा, जसा हट्टी मुलाच्या डोक्यावर असतो. आता काही करायला वेळ नव्हता. माणसं वर येऊ लागली होती.

लेकीने काय जादू केली कोण जाणे, पण आप्पाही आले. चेहरा उतरलेला, हाताला बामाचा वास. जावईबापूंनी सर्वांसमोर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये!

"टेबल सरळ आहे," ते म्हणाले. आवाज मात्र थोडा वाकडा गेला.

डॉक्टर गालातल्या गालात हसले. त्यांनी महिनाभर त्या डावीकडच्या वळणाचा अभ्यास केला होता. त्यांनी उजवीकडे बोटभर सोडून हळूच बॉल मारला. बॉल उजवीकडे निघाला, भोवऱ्यात शिरला, गोंधळला, दाराकडे वळला आणि मधल्या कुशनपाशी जाऊन विसावला.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"नाचता येत नाही बहुतेक," टायरवाला म्हणाला.

डॉक्टरांनी मग डावीकडे सोडून मारून पाहिलं, सरळ मारून पाहिलं, एकदा डोळे मिटूनही मारलं. बॉल दर वेळी नव्याच गावाला जात होता!

आणि आप्पा? आप्पांनी मऊ फटक्याचा नादच सोडला होता. हात गेलाय, आता नाजूक काय मारायचं, दणकाच देऊ! त्यांनी स्टिक अशी हाणली, की बॉल कापडाला जेमतेम शिवत गेला. खाड! एक आत. खाड! दुसरा आत. एक बॉल टेबल सोडून उडाला, त्याला टायरवाल्याने छातीवर झेललं आणि टायरवालाच खाली बसला. लव बिचारी कोणाला वळवणार? तिला समजायच्या आत बॉल पलीकडे! शेवटचा काळा बॉल तर पॉकेटच्या जबड्यावर आपटला, उलटा फिरला, सगळं टेबल ओलांडून आला आणि विरुद्ध कोपऱ्यात जाऊन पडला!

एकच आरडाओरडा झाला. डॉक्टरांनी स्वतः पाणसळ मागून घेतली आणि टेबलभर फिरवली. बुडबुड्याने त्यांना कुठेही साथ दिली नाही. शेवटी दात ओठ खात, स्वतःचे दात, ते म्हणाले, "मानलं, उस्ताद!"

सगळे हसत खाली गेले. जावईबापूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि पाहतात तो आप्पा अजून टेबलापाशी उभे.

"जिंकलात ना, आप्पा!"

"जिंकलो," आप्पा म्हणाले. "पण तो काय खेळ होता? ते तर कपडे आपटल्यासारखं झालं. माझा मऊ फटका गेला हो जावईबापू! तो नसेल तर मला उस्ताद म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय."

जावईबापूंना इतकं वाईट वाटलं, की ते थेट स्वयंपाकघरात गेले. सासूबाई ओट्यापाशी कढई घासत होत्या.

"आई, काल मी कापड सरळ विंचरलं. इस्त्रीही फिरवली. चुकलं माझं."

"कालच कळलं मला. तुमच्या बोटांना हिरवी लव होती," सासूबाई म्हणाल्या. "टेबल घरात आलं तेव्हापासून रोज मीच झाडते. टेबलाला खेटून तो बाक आहे ना, त्या बाकामुळे मला एकाच जागी उभं राहता येतं, तिथूनच हात फिरवते. आज खांदा इतका भरून आला, की निम्म्यावर सोडलं."

"पण लव तिरकी बसते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"लव बिव मला काय ठाऊक? एकदा पाहुणे आले म्हणून मी चार दिवस झाडलं नाही. चारही दिवस तो माणूस जेवला नाही धड. पुन्हा झाडलं, तर संध्याकाळी जिन्यावरून गुणगुणत खाली आला! गुडघे दुखत असताना! मग मी कशाला खोलात जाऊ?"

जावईबापू त्यांच्या हाताकडे बघत राहिले. कढई उजव्या हातात धरलेली होती, आणि घासणारा हात डावा होता.

"आई, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"जन्मापासून! तुम्हाला आज दिसलं? एवढं मोजत असता ते!"

जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या बाकाशेजारून, त्या डाव्या हाताने ब्रश ओढला, की तो थेट खिडकीच्या कोपऱ्याकडेच जाणार! उजव्या हाताने सात जन्मांत जमलं नसतं.

"माझा खांदा आता साथ देत नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्यांना सांगायचं तर नाहीच नाही. तेव्हा विस्कटलंय कोणी?"

"मी."

"मग झाडणार कोण?"

दुसऱ्या दिवसापासून वजनकाट्यांचं दुकान उशिरा उघडू लागलं. जावईबापू रोज सकाळी सासुरवाडीच्या माडीवर बाकाशेजारी उभे राहायचे, डाव्या हातात ब्रश धरायचे, आणि सासूबाई मागे खुर्चीवर बसून धडे द्यायच्या. "मनगट ढिलं सोडा! अहो, झाडू मारताय का? केस विंचरल्यासारखं!" पहिल्या दिवशी ब्रश खिडकीबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी दिव्याची काच फुटली. घरी जेवताना डावा हात हवेत तिरका फिरताना पाहून बायको हसून हसून बेजार व्हायची. पण हळूहळू इस्त्रीने बसलेली लव उठली, भोवरा मोडला, आणि टेबलाने पुन्हा तो जुना तिरका भांग धरला.

आप्पांना मात्र खेळायचं मन होत नव्हतं. एका संध्याकाळी डॉक्टरांनीच त्यांच्या हातात स्टिक दिली. "एक मारा ना, उस्ताद!" आप्पांनी नाइलाजाने वाकून हळूच धक्का दिला. बॉल निघाला. रमतगमत गेला. खिडकीपाशी आला. जावईबापूंनी श्वास रोखला. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

बॉल विचारात पडला, आणि डावीकडे वळून गुपचूप आत गेला!

आप्पांचा चेहरा असा उजळला, की खोलीतला दिवा मालवला असता तरी चाललं असतं. डॉक्टरांनी हात जोडले. "कमाल आहे! खरं सांगा उस्ताद, हे जमतं तरी कसं?"

आप्पांनी स्टिक खांद्यावर टाकली, मिशीवरून उजवा हात फिरवला आणि बेफिकीरपणे म्हणाले, "त्यात काय एवढं, डॉक्टर? हा तर आपल्या डाव्या हातचा मळ!"

सासूबाईंच्या ट्रेमधले कप खळखळले. आणि जावईबापूंनी, कोणाला दिसायच्या आत, हिरव्या लवेने माखलेला आपला डावा हात खिशात घातला.